कोच हाकला म्हणणाऱ्यांनो, बसा खाली

बसा. सगळे बसा. मोबाईल खिशात टाका, तुमचे चेहरे बघायचेत मला.

मारुती मंदिरच्या नाक्यावर तुमचं जे संसद अधिवेशन भरतं ना, ते माझ्या गॅलरीत स्वच्छ ऐकू येतं. मंगळवारी, 18 नोव्हेंबर 2025 ला, ढाक्यात आपण फुटबॉलमध्ये बांगलादेशाकडून 1-0 हरलो. अकराव्या मिनिटाला मोर्सालिनने गोल केला आणि उरलेल्या सगळ्या वेळात आपल्याला त्याची परतफेड करता आली नाही. 2003 नंतर पहिल्यांदा बांगलादेशाकडून हार. वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण सामना संपून चहा गार व्हायच्या आत तुमचा निकाल तयार: कोच खालिद जमीलला हाकला, बाहेरून मोठ्या नावाचा माणूस आणा. उचलली जीभ, लावली टाळ्याला! सप्टेंबरात ओमानला पेनल्टीवर हरवून स्पर्धेत तिसरा नंबर मिळवला तेव्हा याच नाक्यावर ‘आपला माणूस, आपला माणूस’ करून कोण नाचत होतं? शेजारच्या गल्लीतली पोरं? तुम्हीच ना रे? अडीच महिन्यांत आपला माणूस परका झाला.

तू, मागे तोंड लपवून हसणाऱ्या, उभा राहा. हा खालिद जमील 2009 साली काय करत होता, सांग. नाही ठाऊक. बस. ज्याला हाकलायचं त्याची कुंडलीसुद्धा माहीत नाही, आणि हे निघाले नवा शोधायला.

मग ऐका. कोकणकन्येने रात्री निघून सकाळी सीएसएमटीला उतरलात, की चालत जाण्याच्या अंतरावर कूपरेजचं मैदान आहे. मुंबई एफसी तिथली. 2007 साली निघालेला क्लब, पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू परवडायचे नाहीत. 2009 मध्ये खालिदने बूट काढले आणि या संघाची सूत्रं घेतली. सलग सात मोसम त्याने तो संघ आय-लीगमध्ये टिकवला. दर वर्षी जाणकार म्हणायचे, यंदा हे खाली जाणार. दर वर्षी हा पठ्ठ्या काठावरून का होईना, संघ वाचवायचा. खेळ देखणा नव्हता, कबूल. मागे भिंत उभी करायची, चेंडू लांब मारायचा, एखादा गोल मिळाला की त्यावर सामना काढायचा. बघणाऱ्याला जांभया यायच्या. पण जांभया येऊनही संघ वरच्या लीगमध्ये होता.

2016 मध्ये क्लबला बदल हवासा वाटला. खालिदला निरोप मिळाला. पुढच्या मोसमात नवा प्रशिक्षक आला, तो मोसम संपायच्या आतच गेला, मग ऑस्कर ब्रुझोन नावाचे स्पॅनिश गृहस्थ आले. संघ तळाला गेला, लीगमधून खाली घसरला, आणि नंतर क्लबलाच टाळं लागलं. आता त्याच मोसमात खालिद कुठे होता? मिझोरममध्ये, ऐझॉलला. तो संघ आदल्या वर्षी खाली घसरलेलाच होता. गोव्याच्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं म्हणून त्याला परत घेतलं गेलं. खालिदने मुंबई एफसीचेच जयेश राणे, आशुतोष मेहता असे ओळखीचे खेळाडू सोबत नेले. एप्रिलमध्ये मोहन बागानला घरच्या मैदानावर 1-0 हरवलं. 30 एप्रिल 2017 ला शिलाँगमध्ये शेवटचा सामना, लाजाँगने आधी गोल केला, उत्तरार्धात लालनुनफेलाने बरोबरी साधली, आणि एका गुणाच्या फरकाने ऐझॉल देशाचा विजेता झाला. मुंबईने ज्याला नको म्हटलं त्याने हे केलं, मुंबईचीच पोरं घेऊन केलं. पिकतं तिथं विकत नाही, हे हापूसच्या गावातल्या पोरांना मी सांगायला हवं का?

टाळ्या नकोत. पुढचंही ऐका. ऐझॉल जिंकल्यावर कोलकात्याच्या ईस्ट बंगालने त्याला मोठ्या मानाने नेलं. संघ चौथा आला, एका मोसमात गाशा गुंडाळला. माणूस तोच आणि त्याची शिस्तही तीच. मग काय बदललं? ऐझॉलला त्याने खेळाडू निवडले होते आणि त्याच्याकडून अपेक्षा होती ती फक्त तग धरण्याची. कोलकात्यात गॅलरीला दर आठवड्याला विजय हवा होता, तोही झोकात. तेव्हा ‘खालिद चांगला की वाईट’ हा प्रश्नच अर्धवट आहे. चांगला कशासाठी? कोणाला घेऊन? किती दिवस? हे न विचारता कोच निवडणं म्हणजे लॉटरीचं तिकीट काढणं.

मोठ्या नावाची हौस आहे ना तुम्हाला? आयएसएलमधल्या मुंबई सिटी या दुसऱ्या क्लबनेही ती पुरवून घेतली. 2014 मध्ये पीटर रीड आले, एव्हर्टन आणि मँचेस्टर सिटी पाहिलेले. आठ संघांत संघ सातवा. 2015 मध्ये निकोलस अनेल्का, आर्सेनल, रियल माद्रिद, चेल्सी खेळलेला. त्याला खेळाडू आणि व्यवस्थापक दोन्ही करून टाकलं, संघ सहावा. मग 2016 मध्ये अलेक्झांड्रे गिमाराइस आले. नाव ऐकलंत? नाही. कोस्टा रिकाला दोन विश्वचषकांत घेऊन गेलेला माणूस. साखळीत संघ पहिला आला. पुढे सर्जिओ लोबेराने 2020-21 मध्ये लीगही जिंकली आणि करंडकही. तेव्हा परदेशी नको, असं मी म्हणत नाही. गोरा म्हणून घेऊ नका आणि आपला म्हणूनही घेऊ नका. त्याने आधी हातात काय होतं आणि त्यातून काय केलं, ते बघा. एवढं सोपं गणित तुम्हाला सुटत नाही, कारण तुम्ही बघता खेळाडू असतानाचे गोल, यूट्यूबवर, गाणं लावून.

आणि फक्त तुम्हीच नाही. दिल्लीत महासंघात बसलेल्यांनी काय दिवे लावले तेही ऐका. इगोर स्टिमॅच पाच वर्षं देशाच्या संघाचे प्रशिक्षक होते. संघनिवडीसाठी ज्योतिषाचा सल्ला घेतला जातो, अशा बातम्या 2023 मध्ये छापून आल्या. पत्रिका जुळवून अकरा जण ठरवायचे, शिंच्यांनो, मग सराव कशाला करायचा? जून 2024 मध्ये त्यांना काढलं. करार धड लिहिला नव्हता म्हणून तडजोडीत चार लाख डॉलर मोजावे लागले. त्यांच्या जागी मानोलो मार्केझ. माणूस हुशार, पण एफसी गोवाही सांभाळायचा आणि देशाचा संघही, असा दुहेरी संसार त्याला थाटून दिला. आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीववर. त्याच माणसाने गोव्याला मे 2025 मध्ये सुपर कप जिंकून दिला. अंतिम सामन्यात 3-0 ने कोणाला हरवलं? जमशेदपूरला. जमशेदपूरचा प्रशिक्षक कोण? खालिद. दोन महिन्यांत हरवणारा देशाच्या संघातून बाहेर, तीन महिन्यांत हरलेला आत. आता सांगा, एका निकालावरून माणूस जोखणार आहात का?

मार्केझ गेल्यावर त्या जागेसाठी 170 अर्ज आले. त्यात झावी आणि गार्डिओलाच्या नावाने ईमेल! झावीचा अर्ज आला म्हणून आधी सांगितलं गेलं, देशभर चर्चा झाली, मग महासंघाने खुलासा केला की ते अर्ज खरे नव्हते. तुम्ही इथे तीन दिवस भांडत होतात, झावी मिडफिल्ड कसं लावेल म्हणून. आणि त्याच जुलै महिन्यात आयएसएल भरवणाऱ्या कंपनीने करार ठरत नाही म्हणून लीगच थांबवून ठेवली होती. जिथे खेळाडू तयार व्हायचे ती लीग बंद, आणि आपण झावीची वाट बघतोय. त्याच महिन्यात आपल्या मुलींनी, क्रिस्पिन छेत्री या भारतीय प्रशिक्षकाच्या हाताखाली, थायलंडला थायलंडमध्ये 2-1 हरवून आशिया चषक गाठला. त्याबद्दल नाक्यावर एक शब्द ऐकला नाही मी. एक नाही.

‘मैदान’ सिनेमा पाहिलात, शिट्ट्या मारल्यात. तो रहीमसाहेब मुळात शाळामास्तर होता, हे मात्र मी मुद्दाम सांगणार. सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांचा संघ युगोस्लाव्हियाकडून 10-1 हरला. दहा! आपले बरेच खेळाडू अनवाणी होते. तुमचा नाका तेव्हा असता तर रात्रीच त्यांचा पुतळा जाळला असता. रहीमसाहेबांनी काय केलं? हंगेरीचा संघ कसा खेळतो ते अभ्यासलं, मांडणी बदलली. 1956 मध्ये मेलबर्नला संघ पुन्हा त्यांच्याच हाती होता. ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं, मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल मारले, आणि भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला. 1962 ला जकार्तातल्या आशियाई खेळांत जर्नैलसिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. बचावातल्या त्या माणसाला रहीमसाहेबांनी पुढे आक्रमणात उभं केलं, आणि त्याने अंतिम सामन्यात कोरियाविरुद्ध गोल केला. कुठला खेळाडू कुठे चालेल हे ओळखायला त्याच्याबरोबर घाम गाळावा लागतो. नाव मोठं असून भागत नाही.

आता खालिदचा विचार करा. क्लबमध्ये त्याला पोरं रोज मिळतात. देशाच्या संघात मिळतात ती मोजके दिवस. ऑगस्टात तो पहिल्यांदा संघ घेऊन ताजिकिस्तानला निघाला, तर मोहन बागानने आपले खेळाडू सोडलेच नाहीत. कारण तिथली स्पर्धा फिफाच्या ठरलेल्या तारखांत बसत नव्हती. गोल कोण करणार? चाळिशीतल्या सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत बोलावलं गेलं, कारण क्लब पुढच्या फळीत परदेशी खेळवतात आणि आपली पोरं कडेला पळतात. ऑक्टोबरात फातोर्ड्याला सिंगापूरविरुद्ध छांगतेने सुरेख गोल केला, आघाडी मिळाली, तरी 2-1 हरलो आणि 2027 चा आशिया चषक हुकला. त्या पराभवात खालिदचा वाटा आहेच, तो मी नाकारत नाही. आघाडी राखणं हेच ज्याचं आयुष्यभराचं कसब, त्याच्या संघाने ती गमवावी, हे मलाही खटकलं. पण मिरकरवाड्यावर जाऊन विचारा: इंजिन धापा टाकतंय, जाळं फाटलंय, निम्मे खलाशी आलेच नाहीत, तांडेल बदलला म्हणून बांगडा जाळ्यात येतो का? जुलै 2023 मध्ये आपण जगात 99 वे होतो, नोव्हेंबर 2025 मध्ये 142 वे. तेवढ्यात तीन प्रशिक्षक झाले.

बरं, देशाचं राहू दे. तुम्हाला बोलावलंय ते तुमच्या मंडळाच्या संघासाठी. हा कागद तुमचाच ना? चहाच्या टपरीवर सापडला, वर भज्याचं तेल. ‘पाहिजेत: मुख्य प्रशिक्षक. आयएसएल खेळलेला असावा. मुंबईहून रविवारी येऊ शकणारा. इंग्रजी येत असल्यास प्राधान्य.’ वा! आणि जो माणूस दोन पावसाळे फुकट, सकाळी शिवाजी स्टेडियमवर येऊन तुमची वाट बघत उभा राहायचा, त्याला तीन सामने हरल्यावर व्हॉट्सॲपवर ‘थँक्यू सर’ टाकून मोकळे झालात. फोनसुद्धा केला नाहीत. तुमच्यातल्या किती जणांना डाव्या पायाने पास देता येतो? हात वर करा. दोन. ते शिकवायला आयएसएल खेळलेला लागतो? तुमच्यापैकी एकाने तरी महासंघाचं डी लायसन्स करायचा विचार केलाय? ती प्रशिक्षणाची सुरुवातीची पायरी आहे, तिथून सी, बी, ए करत वर जाता येतं. खालिद प्रो लायसन्सपर्यंत पोचला तो पायऱ्या चढतच.

कागद इकडे आण. ‘आयएसएल खेळलेला’ खोडा. ‘इंग्रजी’ही खोडा. त्या जागी लिहा: आठवड्यातले पाच दिवस सकाळी सहाला मैदानावर येणारा. त्याने आधी कुठल्या मुलांना शिकवलं, ती मुलं आल्यावर कशी होती आणि सोडताना कशी झाली, हे लिहून मागा. अर्जाबरोबर त्यांच्यातल्या दोघांचे फोन नंबर मागा आणि स्वतः फोन करून विचारा. किमान एक पूर्ण मोसम ठेवणार, हेही लिहा, म्हणजे परत व्हॉट्सॲप करायला नको. आणि खाली तुमची अट: सगळे खेळाडू पावणेसहाला हजर. सह्या करा, एकेकाने. आधी त्या जुन्या सरांना फोन करा, माझ्यासमोर, स्पीकर लावून. ते नाही म्हणाले तरच जाहिरात बाहेर जाईल. पेन नाही? घे माझं. टोपण चावायचं नाही.