लाल शाईचा बाजीराव

साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात बी.ए.च्या वर्गाला इतिहास आणि इंग्रजी साहित्य असे दोन्ही विषय होते, आणि एका मुलीच्या वहीशिवाय त्या वर्गाचं पान हलत नसे. दोनशे पानी वही. सरळ उघडली की पेशवाई, उलटी उघडली की शेक्सपिअर. जागा वाचवायची म्हणून तिने नावं तोडली होती. बाजीराव म्हणजे नुसतं ‘बा.’, मॅकबेथ म्हणजे ‘मॅक.’ आता बाजीराव पडले दोन आणि नाटकात मॅकडफही आहे, तेव्हा तिने दोन पेनं ठेवली. ज्याच्या हातून घात झाला तो लाल, ज्याने सावरलं तो हिरवा. थोरले बाजीराव हिरवे, दुसरे लाल. मॅकडफ हिरवा, मॅकबेथ लाल. हा हिशेब वहीत कुठेच लिहिलेला नव्हता. स्वतःच्या वहीत स्वतःला कोण समजावून सांगत बसतं?

परीक्षा तोंडावर आली तशी वही फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. पानाला एक रुपया. संध्याकाळपर्यंत वर्गभर प्रती फिरल्या. वहीवालीला बरं वाटलं, आणि का वाटू नये? वर्षभर ओळख न दाखवणारे आता बोलावून चहा पाजत होते.

मशीनला मात्र लाल-हिरवं कळत नाही. सगळे बाजीराव काळे झाले.

पोरांनी त्या प्रती घोकल्या. मनात शंका येऊ न देता पाठ करणं ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि आपल्याकडे ती पहिलीपासून अंगात मुरवतात. ‘शेवटी मॅक. मॅक.ला मारतो’ हे वाक्यसुद्धा त्यांनी जसंच्या तसं पाठ केलं. कोणी कोणाला मारलं, हे विचारायला सवड कुणाला होती?

मेढ्याहून एसटीने ये-जा करणारी एक मुलगी नेमकी त्या वाक्यावर अडली. आपलंच इंग्रजी कच्चं, म्हणून कळत नसेल, असं तिला वाटलं आणि ती ग्रंथालयात गेली. तिथल्या बाईंनी आधी शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ हातात ठेवलं. ते ‘मॅकबेथ’वरूनच बेतलेलं. एसटीत येता-जाता ते संपलं. मग मूळ नाटक घेतलं आणि शब्दांवर बोट ठेवत शेवटच्या अंकात पोचली. स्त्रीच्या पोटी जन्मलेला कोणीही तुला इजा करू शकणार नाही, या भविष्यावर मॅकबेथ निर्धास्त आहे आणि समोर उभा मॅकडफ सांगतो, की मला आईचं पोट फाडून काढलं होतं. तिने झेरॉक्सच्या समासात पेन्सिलने लिहिलं : ‘मारणारा डफ. सिझर.’ पुस्तकी नव्हतं, पण विसरण्यासारखंही नव्हतं.

एकदा खोड लागली की लागते. इतिहासाच्या पानावर दोन ओळी होत्या. वर ‘वसई – बा. – पोर्तुगीज – 1739’, खाली ‘वसई – बा. – इंग्रज – 1802’. थोरल्या बाजीरावांचा जन्म 1700चा. म्हणजे 1802 साली एकशे दोन वर्षांचा म्हातारा तहावर सही करायला बसला होता काय? तिने सरदेसाईंच्या ‘मराठी रियासती’चे खंड काढले. 1739मध्ये वसईचा किल्ला घेतला तो चिमाजी अप्पांनी, थोरले बाजीराव पेशवे असताना. तह केला तो दुसऱ्या बाजीरावांनी, 31 डिसेंबर 1802 रोजी. पण पेशवा पुणं सोडून वसईला गेलाच कशाला? तर ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा धुव्वा उडवला होता. यशवंतराव एवढे का पेटले? तर आदल्याच वर्षी पेशव्यांनी त्यांच्या भावाला, विठोजींना, पुण्यात हत्तीच्या पायी दिलं होतं. एका ‘बा.’च्या मागे एवढं सगळं दडलेलं. समासात जागा उरली नाही, म्हणून तिने बसच्या तिकिटाच्या पाठीवर ‘विठोजी’ एवढंच लिहून ते त्या पानाला टाचलं.

सराव परीक्षेचे पेपर तपासून सर वर्गात आले ते हसतच.

“थोरले बाजीराव 1740 साली रावेरखेडीला वारले, हे मी शिकवलं होतं,” ते म्हणाले. “तुमच्यापैकी बहुतेकांनी त्यांना नर्मदाकाठावरून उठवून बासष्ट वर्षांनी वसईला आणलंय. इंग्रजीच्या मॅडम म्हणत होत्या, तिकडे मॅकबेथने आत्महत्या केलीय.”

मधल्या सुट्टीत सगळ्यांनी वहीवालीला घेरलं. “तू मुद्दाम चुकीचं दिलंस. स्वतःला बरे मार्क पडले तुला!”

तिने मूळ वही उघडून पुढे धरली. लाल, हिरवं, सगळं जागच्या जागी. क्षणभर शांतता झाली आणि मग एकाला तोडगा सुचला : कलर झेरॉक्स! पानाला दहा रुपये म्हणजे महाग, पण वर्गणी काढली तर जमेल. टोपी फिरली, पैसे गोळा झाले, वही पुन्हा दुकानात गेली.

वहीवाली त्यांच्याबरोबर गेली नाही. सरांनी वर्गात एकच उत्तर वाचून दाखवलं होतं, तहाच्या कारणांचं, आणि ते तिचं नव्हतं. ती ग्रंथालयात मेढ्याच्या मुलीसमोर जाऊन बसली.

“विठोजीचं कुठे मिळालं गं तुला? माझ्या वहीत नाहीये.”

“तुझ्या वहीमुळेच मिळालं. तू नीट लिहिलं असतंस तर मी कशाला शोधत बसले असते?”

वहीवालीला यावर हसावं की रागवावं ते कळेना. तिने रियासतीचा खंड स्वतःकडे ओढला आणि पेन काढलं, पण लिहिलं काही नाही, वाचतच राहिली. “हत्तीच्या पायी? बाप रे!” असं मध्येच जरा मोठ्याने म्हणाली, तेव्हा ग्रंथालयाच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

तेवढ्यात वर्गणी काढणारा मुलगा नव्या प्रती काखेत मारून आत आला. कागद अजून गरम होते.

“ए, एकच विचारायचं होतं,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “लाल म्हणजे कोणता बाजीराव?”

“ज्याने इंग्रजांशी तह केला तो,” मेढ्याची मुलगी म्हणाली.

“हो, पण तह केला कोणी?”