छंदाचा घण, पोटाचा घण

ज्या कामावर एकाचे पोट चालते, तेच काम दुसऱ्याने हौसेखातर करावे का? आणि केले, तर ती साधना होते की नुसता खेळ? प्रश्न साधा दिसतो. पण वारकऱ्याला तो टाळता येत नाही. आपले संत काम सोडून मोठे झाले नाहीत. गोरोबाकाका तेरला माती तुडवीत होते. सावतोबा अरणच्या मळ्यात दारे धरीत होते. नरहरी महाराज पंढरपुरात सोने घडवीत होते, आणि सेना महाराजांच्या हाती धोपटी होती. काम आणि नाम यांत अंतर नाही, असे आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. मात्र ते काम त्यांच्या पोटाचे होते, एवढी एक गोष्ट ऐकता ऐकता निसटून जाते.

प्रश्न हातात धरून पाहता यावा म्हणून मानखुर्दचे उदाहरण घेऊ. तिथे मंडाळ्याच्या बाजूला भंगाराची गोदामे आहेत. मुंबईने टाकलेले लोखंड तिथे येऊन पडते. समजा, जवळच राहणारे एक निवृत्त गृहस्थ आहेत. गळ्यात माळ आहे, एकादशी चुकत नाही. जन्मभर कचेरीत कागद हाताळले. आता हातांनी काही घडवावे असे वाटते. भंगारातून त्यांनी एक जुनी ऐरण, झिजलेला घण, दोन सांडशा आणि भट्टीला हाताने वारा घालायचा पंखा आणला. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा तापवून खुरपे घडवायला ते शिकत आहेत. यात वावगे काय?

वावगे काहीच नाही. पण त्या ऐरणीकडे जरा नीट पाहावे. तिची कड झिजलेली आहे, मध्ये खळगा पडला आहे. एवढे पोलाद एका वर्षात झिजत नाही. गावगाड्यात लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड, गाडीच्या चाकाची धाव हे सारे त्याच्याकडे. आणि मोबदला सुगीला खळ्यावरच्या धान्यात. घिसाडी समाजाची पाले तर गावोगाव फिरत. नवरा सांडशीत तापले लोखंड धरतो आणि बायको घण घालते, हे दृश्य रस्त्याच्या कडेला अनेकांनी पाहिले असेल. पुढे ट्रॅक्टर आला, कारखान्याची अवजारे बाजारात आली. ऐरण भंगारात येते तेव्हा बहुधा एखादे घर आपला धंदा मिटवून उठलेले असते.

म्हणून दोन्ही घणांचा आवाज एकच असला, तरी त्यांत एक भेद आहे. हौशी माणसाचा हात दुखला की तो घण खाली ठेवतो. पोटासाठी घण मारणाऱ्या बाईला तशी सोय नव्हती. तिचा मुलगा आज नोकरीला लागला असेल, तर त्यात हळहळण्यासारखे काही नाही. आपल्याला जुनी कला पाहायला मिळावी म्हणून दुसऱ्याच्या लेकराने धुरात बसावे, अशी इच्छा वैष्णवाने धरू नये. निवडीने घण उचलता येणे हे आपले भाग्य आहे, आपला मोठेपणा नव्हे.

आता साधनेचे पाहू. भट्टीपाशी हौशी आणि धंदेवाईक असा भेद अग्नी करीत नाही. लोखंड रंगाने बोलते: आधी मंद लाल, मग केशरी, मग पिवळे. गार झालेल्यावर घाव घातला तर तडा जातो. फार तापवले तर ठिणग्या उडून जळून जाते. पाते घडले की तापवून त्याला पाणी देतात. त्याने ते कडक होते. इतके कडक की दगडावर आपटले तर मोडेल. म्हणून घासून उजळवून ते पुन्हा मंद आचेवर धरायचे. सुमारे २२० ते २३० अंशांना त्यावर वाळल्या गवताचा फिकट पिवळा रंग येतो, ३०० अंशांच्या आसपास निळा. रंग ओळखून थांबायचे. थोडा कडकपणा सोडला तेव्हाच पाते टिकते. व्रतांनी कडक झालेल्या, पण दुसऱ्याचा शब्द लागताच तुटणाऱ्या आपल्या मनालाही ही दुसरी आच हवीच असते.

ही आच कोण देतो? गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवरायांना कच्चे ठरवले, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. देव ज्यांच्याशी बोलत होता, ते नामदेवराय पुढे विसोबा खेचरांकडे शिष्य म्हणून गेले. शिकायला निघालेल्याने एवढे तरी करावे. जो लोहार आजही काम करतो त्याच्याकडे जावे. ‘काका, शिकवाल का?’ असे विचारावे. त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत, आणि त्याने कच्चे म्हटले तर ऐकून घ्यावे.

याशिवाय आणखी तीन गोष्टी पाळायला हव्यात. पहिली, हत्यार कुठून आले ते विचारावे. ऐरण म्हणून रुळाचा तुकडा छान चालतो. पण चोरीची किंवा गैरमार्गाने मिळालेली रेल्वेची मालमत्ता जवळ बाळगणे १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. स्वस्त मिळाले एवढ्याने ते शुद्ध होत नाही. दुसरी, शेजारी. मानखुर्द-गोवंडीच्या लोकांनी देवनारच्या कचऱ्याचा धूर पुष्कळ सोसला आहे. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वा पाइप भट्टीत घातला तर त्याच्या वाफेने थंडी वाजून ताप येतो. आपली हौस शेजारच्या लेकराच्या छातीत उतरत असेल, तर तिथे नामाला जागा नाही. तिसरी, फुकट खुरपी वाटून लोहाराचे गिऱ्हाईक तोडू नये. आपल्याकडे कोणी मागायला आले तर त्याला लोहाराचे दुकान दाखवावे.

कोणी म्हणेल, छंदच तो, त्याला एवढी बंधने कशाला? पण छंद हा शब्द आपण कोणत्या अर्थाने घेतो? विठ्ठलाचा छंद लागला म्हणतो तेव्हा आपल्याला रिकामा वेळ घालवणे अभिप्रेत नसते. एकदा लागला की सुटत नाही, तो छंद. वारकऱ्याला आषाढात घराबाहेर पडायला कोणी भाग पाडत नाही. पेरणीची घाई असते, पायाला फोड येतात, तरी तो निघतो, कारण त्याने नेम घेतलेला असतो. पोटाची सक्ती आणि मनाची लहर यांच्या मधली वाट ती हीच: आपखुशीने पत्करलेले बंधन.

लोहाराला गरजेने बांधले होते. हौशी माणसाने स्वतःला नेमाने बांधून घ्यावे. ठरलेल्या वारी भट्टी पेटवावी, कंटाळा आला तरी हाती घेतलेले पाते पुरे करावे, शिकवणाऱ्याचे ऋण विसरू नये, शेजाऱ्याला त्रास देऊ नये. एवढे पाळले तर त्या जुन्या ऐरणीवर पडणारा घाव पूर्वीच्या घावांच्या रांगेत बसेल. न पाळले, तर तो दुसऱ्याच्या घामाशी केलेला खेळ.

आपल्या प्रत्येकाच्या घरात असे एखादे जुने हत्यार असते: पाटा, जाते, सुई, खुरपे. ते हाती घेताना त्यामागचा हात आठवावा आणि मग नाम घ्यावे.

रामकृष्णहरी.