सेवा हीच श्रद्धेची ओळख

श्रींच्या दारी येणारा प्रत्येक भाविक मनात काही तरी घेऊन येतो. कोणाच्या घरी दीर्घ आजारपण असते, कोणाच्या शिरावर कर्जाचा भार असतो, कोणाच्या मुलाला नोकरी लागत नसते, तर कोणी केवळ कृतज्ञतेपोटी नवस फेडण्यास आलेला असतो. तासन्‌तास रांगेत उभे राहून गाभाऱ्यापाशी पोहोचल्यावर क्षणभर श्रींची मूर्ती नजरेत भरते, हात आपोआप जोडले जातात, मनातील गाऱ्हाणे देवाच्या कानी घातले जाते. मन हलके होते. परंतु पायऱ्या उतरताना पुष्कळांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. ज्यासाठी आलो ते घडले नाही तर? मग या श्रद्धेचे काय?

हा प्रश्न मनात आला म्हणून कोणी स्वतःला अश्रद्ध समजू नये. जो मनापासून मागतो त्यालाच ही भीती वाटते. महाराष्ट्राच्या संतांनी या प्रश्नाचे उत्तर उपदेशाने दिले, त्याहून अधिक आपल्या जगण्याने दिले. त्यांपैकी आपल्या काळाला अगदी जवळचे उदाहरण म्हणजे श्रीसंत गाडगेबाबा.

डेबूचे गाडगेबाबा झाले

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील व्यसनापायी खंगले आणि डेबू लहान असतानाच निवर्तले. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी, दापुरे गावी आल्या. मामाच्या घरी डेबूने गुरे राखली, औत हाकले, रात्री भजनात टाळ धरला. शाळेचे तोंड त्याला पाहावयास मिळाले नाही. दारूने घर कसे बुडते आणि सावकाराच्या पाशात शेत कसे जाते, हे मात्र त्याने जवळून पाहिले.

इतके सोसल्यावर मनुष्य एक तर कडवट होतो किंवा देवाला दोष देत बसतो. डेबूजींच्या मनाने तिसरी वाट धरली. जे आपल्या वाट्याला आले ते दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये, यासाठी देह झिजवावा असे त्यांनी ठरविले. १९०५ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात काठी आणि फुटके गाडगे. त्याच गाडग्यात भाकरी घ्यावी, त्यातूनच पाणी प्यावे. त्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

खराट्यातील आशावाद

बाबा एखाद्या गावी आले म्हणजे आधी खराटा हाती घेत. रस्ते झाडीत, तुंबलेली गटारे मोकळी करीत. कोणी ओळखीचा नसे, कोणी बोलावलेलेही नसे. हा भिकारी आपले गाव का झाडतो, या कुतूहलाने लोक जमत आणि हळूहळू त्यांचेही हात कामाला लागत. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन होई. वऱ्हाडी बोलीत बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. देवाच्या नावाने मुकी जनावरे कापू नका, कर्ज काढून लग्ने करू नका, दारूला शिवू नका, माणसामाणसांत विटाळ मानू नका, पोटाला चिमटा घ्या पण मुलांना शिकवा, हा त्यांच्या कीर्तनाचा गाभा असे. शेवटी गोपाळाच्या नामाचा गजर होई आणि पहाटेपूर्वी बाबा पुढच्या गावाची वाट धरीत.

येथे थोडे थांबून विचार करावा. आज झाडलेला रस्ता उद्या पुन्हा घाण होतो, हे बाबांना ठाऊक नव्हते काय? कीर्तन ऐकून दारू सोडणारा मनुष्य महिन्याभराने पुन्हा गुत्त्याकडे वळू शकतो, हे त्यांनी पाहिले नव्हते काय? सर्व पाहूनही दुसऱ्या दिवशी तोच खराटा ते त्याच उत्साहाने उचलीत. भक्ताचा आशावाद याला म्हणतात. सर्व काही आपोआप चांगले होईल, असे म्हणत स्वस्थ बसणे ही आशा नव्हे. चांगले होण्यासाठी आज आपल्या हाती असलेले काम करणे आणि त्याचे फळ देवावर सोपविणे, यातून निराशेला जागाच उरत नाही.

आसरा, हेच जीवनाचे प्रयोजन

पंढरीच्या वारीत बाबांनी वारकऱ्यांचे हाल पाहिले. पावसात कुडकुडणारी म्हातारी माणसे, उघड्यावर निजणाऱ्या लेकुरवाळ्या स्त्रिया त्यांच्या दृष्टीस पडल्या. अस्पृश्य मानलेल्या बांधवांची अवस्था तर आणखी बिकट होती. शेकडो मैल चालून आलेल्या त्या वारकऱ्यांना मंदिरात प्रवेश नव्हता आणि गावात पाठ टेकण्यास जागाही नव्हती. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली विठ्ठल मंदिराची द्वारे सर्वांना खुली झाली. त्याच्या कितीतरी वर्षे आधी बाबांनी पंढरपुरात त्यांच्यासाठी संत चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली. पुढे नाशिक, देहू, आळंदी अशा क्षेत्री धर्मशाळा झाल्या, अन्नछत्रे व सदावर्ते सुरू झाली, शाळा आणि वसतिगृहे निघाली. १९५४ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयातील रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली, कारण खेड्यातून आलेली ही माणसे पदपथावर रात्र काढीत असत.

ज्या हातांतून लाखो रुपये समाजकार्याकडे गेले, ते हात स्वतःसाठी फक्त भाकरी मागत राहिले. एवढ्या इमारती उभ्या राहिल्या, पण आपल्या घरच्या माणसांचा त्यांवर हक्क असू नये याविषयी बाबा अत्यंत कठोर होते. दान देणाऱ्याने ज्याच्यासाठी दिले त्यालाच ते पोहोचले पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. दात्यांनी आणि दान स्वीकारणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा दंडक मनात कोरून ठेवण्यासारखा आहे.

कसोटीचा क्षण

सेवा करणाऱ्याला दुःख होत नाही, असे मानण्याचे कारण नाही. १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे बाबांचे कीर्तन चालू असताना त्यांचा एकुलता एक पुत्र गोविंदा निवर्तल्याची वार्ता येऊन पोहोचली. समोर शेकडो श्रोते बसलेले. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. जगात रोज कितीतरी आईबाप हे दुःख गिळतात, मग आपल्या एकट्याच्या दुःखाचे कौतुक ते काय करावे, अशा अर्थाचे बोलून त्यांनी कीर्तन पुढे चालविले.

याचा अर्थ बाबांचे काळीज दगडाचे होते, असा कोणी घेऊ नये. दुसऱ्याच्या लेकराला थंडीत कुडकुडताना पाहून ज्याचा जीव तळमळतो, त्याला आपले लेकरू गेल्याचे दुःख होणार नाही कसे? परंतु त्या दुःखाला सामावून घेण्याइतके त्यांचे घर मोठे झाले होते. ज्याचे घर चार भिंतींचे, त्याच्यावर दुःख कोसळले की सारे घरच कोसळते. ज्याने अनेकांना आपले मानले, त्याला दुःखाच्या दिवशीही कोणासाठी तरी उठावे लागते, आणि तेच उठणे त्याला तारते.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. मागितलेले मिळेलच, एवढ्याच विश्वासाला श्रद्धा म्हटले तर ती पहिल्या आघातातच मोडेल. आपल्या हातून घडलेले चांगले काम देव वाया जाऊ देणार नाही, हा विश्वास मात्र कोणत्याही आघाताला पुरून उरतो. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक वलगाव येथे बाबांनी देह ठेवला. आजही त्यांच्या नावाने चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेत दूरदूरच्या गावांतून कर्करोगाच्या उपचारांसाठी मुंबईत आलेले रुग्ण व त्यांचे आप्त विसावतात. बाबांनी त्यांना कधी पाहिले नव्हते, त्यांनीही बाबांना पाहिलेले नाही. तरीही आसरा पोहोचतो.

दर्शनानंतर

प्रत्येकाने घर सोडून चिंध्या पांघराव्यात, असे कोणीही सांगणार नाही. संसारी माणसाची सेवा संसारातच राहून व्हावयाची. रांगेत मागे उभ्या असलेल्या वृद्ध माउलीला पुढे घ्यावे. तीर्थक्षेत्राच्या वाटेवर आपला कचरा टाकू नये आणि दुसऱ्याने टाकलेला उचलण्यात कमीपणा मानू नये. गावी परतल्यावर शेजारच्या एका गरीब मुलाच्या वह्या-पुस्तकांचा भार उचलावा, इस्पितळात एकट्या पडलेल्या रुग्णापाशी घटकाभर बसावे. ज्याच्यापाशी धन आहे त्याने धन द्यावे, ज्याच्यापाशी नाही त्याने श्रम द्यावेत. रुपया आणि घाम यांत देव भेद करीत नाही. मात्र जे करावयाचे ते एकदाच करून थांबू नये. खराटा रोज उचलावा लागतो.

श्रींच्या चरणी मागणे अवश्य मागावे, कारण लेकराने आईजवळ मागायचे नाही तर कोठे मागायचे? त्या मागण्यासोबत आणखी एक मागणे जोडावे. देवा, माझे दुःख दूर होईल तेव्हा होवो, तोवर कोणाच्या तरी दुःखाला माझा हात लागो.

हे मागणे जो मनापासून मागेल, तो श्रींच्या दारातून रिकाम्या हाताने परतणार नाही. सर्व भाविकांना श्रद्धा, सेवा आणि आशा यांचा हा प्रसाद लाभो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.