न ठेवलेलें पाऊल

दिलेला शब्द मोडल्यास जाब विचारणारा कोणी नसेल, तर तो पाळण्यास मोल किती? नीतिशास्त्राच्या ग्रंथांत हा प्रश्न जुनाच आहे. परंतु तेथील उदाहरणें बहुधा कल्पित, म्हणून तीं मनास फारशीं भिडत नाहींत. आम्हांस त्याचें एक खरें उदाहरण हिमालयांत, कांचनगंगेच्या माथ्याशीं सांपडतें.

नेपाळ व सिक्कीम यांच्या सीमेवरील हें ८५८६ मीटर उंचीचें शिखर पृथ्वीवर तिसरें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेंच पहिलें समजत असत. नांवाचा अर्थ महाहिमाचे पांच निधि असा सांगतात, आणि खरोखरच हा एक सुळका नसून पांच शिखरांचा समूह आहे. झेमू, तालुंग, यालुंग व कांचनगंगा या चार मोठ्या हिमनद्या त्याच्या अंगावरून खालीं सरकतात. पैकीं झेमूचें पाणी तिस्तेला मिळतें. एव्हरेस्टच्या माथ्यावर प्राचीन समुद्रतळाचा चुनखडक आहे. येथें मात्र भूगर्भांतील दाबानें व उष्णतेनें रूपांतर पावलेले कठीण स्फटिकमय खडक. बंगालचा उपसागर जवळ असल्यानें पावसाळी वारे अपार हिम आणून टाकतात, आणि तें कड्यांवरून कोसळत राहतें. पॉल बाउअर यांच्या जर्मन तुकडीस १९२९ व १९३१ अशा दोन्ही सालीं परतावें लागलें. १९३० सालच्या डिरेनफुर्थ यांच्या मोहिमेंत चेत्तन नांवाचा शेर्पा हिमप्रपाताखालीं गेला.

सिक्कीमचे लोक या पर्वतास आपली रक्षक देवता मानतात व पांग ल्हाबसोलच्या उत्सवांत त्याची पूजा करतात. चार्ल्स इव्हान्स यांची ब्रिटिश मोहीम १९५५ सालीं निघाली, तेव्हां सिक्कीम दरबारानें हरकत घेतली. माथ्यास पाय लावणार नाहीं, असा शब्द इव्हान्स यांनीं दिला. वाट नेपाळांतून, यालुंग हिमनदीवरून होती, अनुमतीही नेपाळचीच. शब्द मोडला असता तर सिक्कीमच्या हातीं कांहींच नव्हतें. २५ मे रोजीं जॉर्ज बँड व जो ब्राउन शेवटच्या खडकांतील भेगेंतून वर आले. समोर कांहीं पावलांवर हिमाचा सोपा माथा होता. ते थांबले. दुसऱ्या दिवशीं नॉर्मन हार्डी व टोनी स्ट्रीदर हेही तेथेंच थांबले.

कोणी म्हणेल, देवतेच्या अंगाखांद्यावर मेखा ठोकीत चढावयाचें आणि मस्तकाशीं येऊन नम्र व्हावयाचें, हा निव्वळ उपचार झाला. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. त्याहून बोचणारी गोष्ट निराळीच आहे. २६ मे रोजींच पेमी दोर्जे हा त्यांचा शेर्पा तळावर मरण पावला. माथ्याचा मान राखतां आला; ओझें वाहणाऱ्याचा प्राण राखतां आला नाहीं. या दोन गोष्टी एका तराजूंत घालणें आम्हांस जमत नाहीं, पण एकीचें कौतुक करतांना दुसरी झांकून ठेवणेंही बरें नव्हे.

तरीही त्या थांबण्यास आम्ही उपचार म्हणणार नाहीं. या माणसांची त्या देवतेवर श्रद्धा नव्हती. श्रद्धाळूनें पाऊल आवरलें तर त्यांत भीतीचाही वांटा असतो. येथें भीति नव्हती, होता तो केवळ दुसऱ्याच्या श्रद्धेस दिलेला शब्द. शिवाय ज्यासाठीं जीव धोक्यांत घातला, नेमकी तीच वस्तु सोडावयाची होती. नको असलेल्या वस्तूचा त्याग कोणालाही साधतो!

१९७७ सालीं नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखालील भारतीय लष्कराची तुकडी ईशान्येच्या धारेनें चढली, आणि तीही माथ्याखालींच थांबली. या शतकाच्या आरंभीं सिक्कीमनें आपल्या बाजूनें चढाईच बंद केली. तिकडे आतां कोणाच्या संयमाची परीक्षा उरलेली नाहीं. नेपाळकडून वाट खुली आहे. तेथें तो जुना शब्द आपलाही मानावयाचा कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें त्या शेवटच्या पावलांपाशीं, धाप लागलेली असतां, ठरवावयाचें असतें.