ट्रंकेतील काडतुसे आणि पहिले शील



१९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, आणि आपल्या कितीतरी घरांतून माणसे फौजेत गेली. निवृत्त झाल्यावर काहींनी परवान्याची बाराबोरची बंदूक बाळगली. पुढे वडील गेले. बंदूक भिंतीवर राहिली आणि काडतुसांचा डबा ट्रंकेत, जुन्या गणवेशाखाली. मुलगा म्हणतो, "बाबांची आठवण आहे. आम्ही थोडेच कोणाला मारणार आहोत?"

मारण्याचा हेतू नाही, एवढ्याने पहिले शील पाळले गेले काय? बुद्धांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार आहे. बाळगणे म्हणजे व्यापार नव्हे, असे आपण म्हणाल. मान्य. पण विनयपिटकातील एक प्रसंग पाहा. भिक्षेला गेलेला एक भिक्षू एका आसनावर बसला. त्यावर कापडाखाली तान्हे मूल होते, ते चिरडून मेले. चेतना नव्हती, म्हणून बुद्धांनी त्याला हत्येचा दोषी ठरवले नाही. मात्र विषय तिथे सोडलाही नाही. न पाहता आसनावर बसू नये, बसेल त्याला दोष लागेल, असा नियम घातला. मूल तर मेलेच होते.

आता आपली ट्रंक उघडा. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नव्हे. तो माणूस गेला की १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे बंदूक आणि काडतुसे विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. बंदूक नसून नुसती काडतुसे असली तरी गुन्हाच. वारसाला हवे असेल तर त्याने स्वतःच्या नावाने परवाना मागावा.

ज्यांचा परवाना चालू आहे त्यांनी बंदूक रिकामी करून कुलपात ठेवावी. काडतुसे दुसऱ्या कुलपात, मूळ खोक्यात, कोरड्या व थंड जागी. जुनी कागदी काडतुसे ओल धरून फुगतात, बुडाच्या पितळेला हिरवट गंज चढतो. तसली वापरू नका. चुलीत तर टाकूच नका, ती फुटतात. भंगारात दिलीत तर कोणाच्या मुलाच्या हाती जातील? किल्ली खुंटीवर नको. माळ्यावर ठेवले की मुलांना सापडत नाही, हा मोठ्यांचा भ्रम आहे. माळा आपल्यापेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक असतो.

बाबांचे पदक ठेवा, गणवेश ठेवा. डब्याबद्दल आधी ठाण्यात कळवा, ते सांगतील तसा न्या, आणि काडतुसे मोजून देऊन पावती घ्या.