खुशाली हीसुद्धा मदतच

मे महिन्यात नंदुरबारची दुपार भट्टीसारखी तापते आणि संध्याकाळी सातपुड्यावर काळे ढग चढतात. त्या ढगांतून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. हे वादळ कधी अर्ध्या तासात निघूनही जाते, पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. शहाद्याकडे घडांनी लगडलेल्या केळी बुंध्यातून मोडतात, पपईची झाडे फळांसकट आडवी होतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर छपरे उडतात. वारा पत्र्याला वरून खेचतो, दारातून घुसलेली हवा आतून रेटते. पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड मग घरातल्या माणसांवरच पडतात.

हे नुकसान मोजले जाते. तलाठी पंचनामा करतो. पीक 33 टक्के किंवा अधिक गेले असेल तर शेतकरी सरकारी मदतीला पात्र ठरतो. मात्र या जिल्ह्यातली असंख्य माणसे मजुरीसाठी गुजरातेत असतात आणि घरी म्हातारे आईबाप, लहानगी पोरे. खांब पडले, वीज गेली, टॉवर बंद झाला की दूरच्या माणसाला वादळाची बातमी कळते, घरच्यांची कळत नाही. मग तो हातचे काम टाकून, मजुरीवर पाणी सोडून रात्रीच निघतो किंवा तिथेच जीव मुठीत धरून बसतो. या घोराची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही.

20 मे 2013 रोजी अमेरिकेत ओक्लाहोमातल्या मूर शहरावर टोर्नेडो कोसळला, 24 माणसे गेली. तिथे रेड क्रॉसच्या यादीत आपण सुखरूप असल्याची नोंद करायची सोय होती. खुशाली कळवणे हा मदतकार्याचाच भाग मानला गेला होता.

आधी ताडपत्री, धान्य, औषध हवे, हे खरेच. पण निरोप पोचवायला त्यातले काहीच कमी करावे लागत नाही. पोलीस पाटील, आशाताई गावागावांत आहेत. माणसे कामाला बाहेर पडतानाच घरटी एक फोन नंबर त्यांच्याकडे लिहून ठेवावा. वादळानंतर रेंज असलेल्या टेकडीपर्यंत कुणी एक जण गेला, तरी साऱ्या पाड्याची खुशाली कळवता येईल. पंचनाम्यात पडक्या घराची नोंद होतेच. त्याच कागदावर ‘बाहेरगावच्या माणसाला कळवले’ असा एक रकाना सरकारने वाढवावा आणि तो भरल्याशिवाय पंचनामा पूर्ण झाला असे मानू नये.