चार दिवसांचं वर्ष

गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला जवळजवळ बारा वर्षं लागतात. विसाव्या शतकात दुसऱ्या ताऱ्यांचे ग्रह शोधायला निघालेल्या बहुतेकांच्या डोक्यात हाच हिशेब पक्का बसला होता. थोरला ग्रह म्हटला की तो लांबचा, थंड आणि संथ असायचाच!

ऑक्टोबर 1995मध्ये हा हिशेब मोडला. जिनिव्हाचे मिशेल मेयर आणि त्यांचे विद्यार्थी दिदिए केलोझ फ्रान्समधल्या ओट-प्रोव्हान्स वेधशाळेतून 51 पेगासी या ताऱ्याचे वेध घेत होते. त्याचा पत्ता सोपा आहे. पूर्वा भाद्रपदाचे दोन तारे जोडायचे आणि त्या रेषेच्या साधारण मध्यावर, किंचित पश्चिमेला पाहायचं. गर्द काळोख असेल तर नुसत्या डोळ्यांनीही जेमतेम दिसतो. ग्रह मात्र कुणालाच दिसला नाही. दिसलं ते एवढंच, की ताऱ्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा जरा निळ्याकडे, मग जरा तांबड्याकडे सरकताहेत. म्हणजे तारा सेकंदाला पन्नास-साठ मीटर वेगानं पुढे-मागे होत होता, आणि हा फेरा होता 4.2 दिवसांचा. आपल्याच यंत्रणेत काहीतरी बिघडलंय, असं केलोझना आधी वाटलं. मग तारा पुन्हा रात्रीच्या आकाशात येईपर्यंत थांबून दोघांनी खात्री करून घेतली: ताऱ्याला असं ओढत होता तो एक ग्रहच. ग्रहाचं वस्तुमान गुरूच्या निम्म्याच्या आसपास आणि ताऱ्याला तो इतका खेटून, की आपला बुधसुद्धा त्या मानानं दूरच म्हणायचा.

खरी गंमत कॅलिफोर्नियात झाली. जेफ मार्सी आणि पॉल बटलर 1987पासून याच कामात होते. वेध साठत होते, पण ग्रह वर्षानुवर्षांनी फेरी पुरी करणार, मग घाई कशाला? बरीचशी आकडेमोड तशीच पडून होती. बातमी येताच त्यांनी काही दिवसांत 51 पेगासीची शहानिशा केली, मग आपलं जुनं बाड उपसलं. जानेवारी 1996मध्ये त्यांनी दोन ग्रह जाहीर केले. त्यातला एक आपल्या सप्तर्षीच्या तारकासमूहातला.

आणि हे कुणाला सुचलंच नव्हतं असंही नाही. 1952मध्ये ओटो स्ट्रुव्ह यांनी एका छोट्याशा टिपणात लिहून ठेवलं होतं, की मोठे ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळही असू शकतील आणि ताऱ्याच्या वेगातल्या फरकावरून ते सापडतील. चार दशकं त्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

आज दुसऱ्या ताऱ्यांभोवती सापडलेल्या ग्रहांची संख्या सहा हजारांपलीकडे गेली आहे. त्यांत पृथ्वीहून मोठे, नेपच्यूनहून लहान असे ग्रह भरपूर आहेत; आपल्या सूर्यमालेत तसा एकही नाही. म्हणून सूर्यमालाच जगावेगळी ठरवण्याचा मोह होतो, पण तीही घाईच. जवळचे, झटपट फिरणारे ग्रह आधी हाती लागतात. पृथ्वीमुळे सूर्य हलतो तो सेकंदाला जेमतेम 9 सेंटिमीटर, आणि सूर्यासारख्या ताऱ्याच्या पृष्ठभागावरची उकळी त्याहून कितीतरी जास्त वेगाची असते.